उजव्या कोपऱ्यातली सही

माझ्या साडूच्या नावावर तीन पेटंटं आहेत. तिन्हींची चित्रं मी काढली. ही दोन वाक्यं मी आजवर भेटेल त्याला ऐकवत आलो. बहुतेकांनी पहिलं लक्षात ठेवलं, दुसरं विसरले.

साडू म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचा नवरा. नात्याने मी थोरला जावई, तो धाकटा. सासुरवाडीत पाट पहिला माझा, ताट पहिलं माझं, दिवाळीची टॉवेल-टोपी पहिली मला. कौतुक मात्र त्याचं. माणसाच्या पोटात दुखायला याहून जास्त काही लागत नाही, आणि माझं पोट पहिल्यापासून नाजूक.

मी ड्राफ्ट्समन. नव्वदच्या आसपास नाशिकच्या द्वारका चौकात, पाइप-फिटिंगच्या एका दुकानाच्या वर, मी खोली घेतली होती. खाली चारी बाजूंनी ट्रक आणि एसट्या एकमेकांवर हॉर्न वाजवत, वर मी बोर्डावर वाकलेला. टी-स्क्वेअर, बारीक-जाड शाईची पेनं, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी, चुकलेली रेघ खरवडायला दाढीचं अर्धं ब्लेड, आणि कोपऱ्यात प्रिंटचं मशीन. त्यात अमोनिया असायचा. नवीन गिऱ्हाईक आत आलं की दोन मिनिटांत डोळे पुसत जिन्यात जाऊन उभं राहायचं. महापालिकेत मंजुरीला द्यायचे घरांचे नकाशे आणि सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांची पार्टची ड्रॉइंगं, यावर माझं बरं चाललं होतं.

माझी रेघ चांगली होती. मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या ड्रॉइंगवर खाली उजवीकडे एक चौकट असते. काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर केलं कोणी, अशा तीन ओळी. 'काढलं'समोर माझी आद्याक्षरं असायची. कारखान्यातला फिटर ती वाचायचा नाही, त्याला माप हवं असायचं. तरी ती तिथे असायची, आणि एवढ्यावर माझं समाधान होतं.

पेटंटच्या चित्राला ही चौकट नसते. त्याचे कायदेच वेगळे. डावीकडे वर अर्जदाराचं नाव, उजवीकडे वर पानाचा आकडा आणि खाली उजव्या कोपऱ्यात अर्जदाराची सही. चित्रात शब्द लिहायचा नाही, प्रत्येक भागाला फक्त नंबर द्यायचा. काढणाऱ्याने काढायचं आणि बाजूला व्हायचं.

माझे वडील नाशिक रोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. मी त्यांच्याजवळ एकदा ही कुरकुर केली, तेव्हा ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "मी आयुष्यभर नोटा छापल्या. एका तरी नोटेवर माझी सही बघितलीस का? आपण छापायचं. सही करणारा वेगळा असतो."

त्यांना हे सांगताना काहीच वाटत नव्हतं. मला वाटत होतं. मला तो कोपरा हवा होता.

आता साडूबद्दल सांगतो, शक्यतो खरं. त्याच्या घरची भाजीपाल्याची शेती, मखमलाबादकडे. घरचे लोक मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत असायचे आणि हा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेडिओ उघडून बसलेला. पुढे सातपूरला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिकच्या टेस्टिंगला लागला. हात सोन्यासारखे, पण तोंडाला कुलूप. चारचौघांत त्याला दोन वाक्यं बोलायला सांगा, कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. लग्नाआधी मुलगी बघायला आला तेव्हा म्हणे सगळे प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणले होते. सांगायचं काही असलं की लिहून द्यायचा. माझ्या बायकोच्या मते हा साधेपणा होता. माझ्या मते ते ढोंग होतं.

त्याचं पहिलं यंत्र म्हणजे एक पेटी. आमची सासुरवाडी विंचूरच्या बाजूला, घरची कांद्याची शेती. विहीर घरापासून लांब. थ्री फेज लाइट कधी यायची आणि कधी जायची, याला धरबंध नव्हता. लाइट आली का बघायला दिवसभर कोणीतरी विहिरीवर बसून राहायचं. साडूने पेटी केली. तिन्ही फेज नीट आल्या की घरात घंटा वाजायची. एखादी फेज कमी असेल तर घंटा वाजायची नाही, लाल दिवा लागायचा, म्हणजे कोणी उगाच मोटर चालू करून जाळायला नको. पेटी बसवली स्वयंपाकघरात, फडताळाशेजारी.

"जावईबापूंची घंटा वाजली रे, मोटर चालू करा," अशी सासूबाईंची हाळी दिवसातून दोन-तीनदा यायची. मी तिथे जेवायला बसलेलो असलो तरी. घास हातात धरून मी ती घंटा किती वेळा ऐकली असेल. पाहुणे आले की सासरे त्यांना आधी पाणी नाही, पेटी दाखवायचे.

"आमच्या धाकल्या जावयाचं डोकं लय चालतं बरं का."

"आणि थोरले काय करतात?"

"ते नकाशे काढतात. घराबिराचे."

त्या 'घराबिराचे'ने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण मी हसायचो. थोरल्या जावयाला हसावंच लागतं.

पेटीचं पेटंट घ्यायचं ठरलं तेव्हा तो द्वारकेला माझ्याकडे आला. वहीतल्या पानांवर पेन्सिलीने काढलेली चित्रं. रेघ सशासारखी उड्या मारत गेलेली. "साडूभाऊ, हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही," एवढं म्हणून गप्प बसला. मी आठ दिवस खपून पानं काढली. वायरींचं ते जंजाळ असं सोडवलं की बघणाऱ्याने नुसत्या नंबरांवर बोट ठेवत जावं आणि पेटी त्याला कळावी. त्याने माझ्या टेबलावर बसून उजव्या कोपऱ्यात सही केली. माझ्याच पेनाने.

मग पेपरात फोटो आला. नाशिकच्या तरुणाची शेतकऱ्यांसाठी पेटी, असं काहीतरी. त्याने त्या कात्रणाची झेरॉक्स काढली आणि ड्रॉइंगच्या पुठ्ठ्याच्या नळीत घालून मला पाठवली. नळी परत करायच्या निमित्ताने. वर पेन्सिलीने लिहिलेलं, 'सादर'. ही पुढे त्याची पद्धतच झाली. कुठे सत्कार झाला की नळी, कुठे फोटो आला की नळी. मी त्या उघडायचो, वाचायचो आणि दिवसभर माझी रेघ बिघडायची. जखमेवर मीठ चोळायचं तर इतक्या आदराने चोळू नये माणसाने.

दुसरं यंत्र द्राक्षबागेच्या फवारणीसाठी. नळीच्या तोंडाशी बसणारी झडप. दांडीवरचा हात काढला की फवारा तिथल्या तिथे बंद, एक थेंब अंगावर गळायचा नाही. लहानसं, सुपारीएवढं यंत्र, पण आतली स्प्रिंग दिसावी म्हणून मी ते मधोमध कापून काढलं होतं. कागदावर, म्हणजे. इतकी सुंदर स्प्रिंग मी त्याआधी काढली नव्हती आणि नंतरही नाही. त्याची सही तिच्या खाली.

आणि मग तिसरं. कांदा निवडायचं यंत्र.

आमच्या सासऱ्यांच्या अंगणात कांद्याचा ढीग पडला की बाया गोल बसून हाताने निवडायच्या. मोठा इकडे, मध्यम तिकडे, बारीक गोल्टी बाजूला. साडूने फिरते रूळ केले. दोन रुळांमधली फट आधी लहान, पुढे मोठी. कांदा वरून घरंगळत जातो, ज्या फटीत मावतो तिथून खाली पडतो. रुळांना रबर, म्हणजे कांद्याची सालं निघत नाहीत. एका टोकाला इलेक्ट्रॉनिक डोळा, तो कांदे मोजणार. हे सगळं त्याचं. मी नाही म्हणत नाही.

पण फट बदलायची कशी? लाल कांद्याची फट वेगळी, उन्हाळ कांद्याची वेगळी. त्याने रूळ धरणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांना गोल भोकं ठेवली होती, अगदी मापात, आणि दोन्ही हंगामांसाठी पट्ट्यांचे दोन वेगळे जोड. लाल कांद्याला एक जोड, उन्हाळ कांद्याला दुसरा. त्याला वाटत होतं, काम मापातलं पाहिजे तर गोल भोकच पाहिजे.

पेन्सिलीचं ते चित्र समोर ठेवून मी बसलो आणि मला माझी सासुरवाडी डोळ्यांसमोर दिसली. दुसरा जोड पुढच्या वर्षापर्यंत टिकतोय कशाला? तो गोठ्याच्या फाटकाला लागलेला असणार, नाहीतर त्याच्यावर कोणीतरी अंघोळीचं पाणी तापवत असणार. मला हसू आलं. हा एवढा मोठा संशोधक, पण कांदा कुठल्या घरात राहतो ते याला माहीत नाही!

ड्राफ्ट्समनचा एक नियम असतो. समोर जे दिलंय ते काढायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. तेवीस वर्षांचा असताना मी एका पार्टचा कोपरा 'सुधारून' काढला होता, तेव्हा कारखान्याच्या मालकाने सगळ्यांसमोर मला झापलं होतं. तेव्हापासून मी तो नियम मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. का, ते खरं सांगतो. त्याला मदत करायची म्हणून नाही. त्याची चूक त्याच्याच कागदावर, शाईने, त्याला दिसावी म्हणून. मी गोल भोकाच्या जागी लांबट स्लॉट काढला. बोल्ट ढिला करा, रूळ सरकवा, पुन्हा आवळा. दुसऱ्या पट्टीची गरजच नाही. शेजारी मापाच्या खुणा काढल्या, म्हणजे प्रत्येक हंगामाला नव्याने डोकं खाजवायला नको. त्या स्लॉटला मी नंबर दिला सत्तावीस.

तो चित्र बघायला आला. बघत बघत सत्तावीसवर थांबला. मी खुर्चीत मागे टेकून वाट बघत होतो. आता विचारेल, मग मी सांगेन, मग त्याचा चेहरा बघेन. तो बराच वेळ बघत राहिला. बोट त्या स्लॉटवरून इकडून तिकडे फिरवलं, रूळ सरकल्यासारखं.

"हे राहू द्या," तो म्हणाला.

संपलं. हे राहू द्या! जणू चहात साखर जास्त झाली होती.

यंत्र झाल्यावर सासऱ्यांच्या अंगणात ते चालवून दाखवायचं ठरलं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आले, पेपरवाला आला. आधी लाल कांदा निवडून झाला. मग साडूने पाना घेतला, चार बोल्ट ढिले केले, रूळ खुणेपर्यंत सरकवले, बोल्ट आवळले आणि उन्हाळ कांदा ओतला. पाच मिनिटांचं काम. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या नेमक्या तिथे. रुळांना नाही, इलेक्ट्रॉनिक डोळ्याला नाही. माझ्या स्लॉटला.

"हे भारी केलं राव," एक म्हातारा पट्टीवर हात फिरवत म्हणाला. "नायतर आम्ही एवढ्या पट्ट्या सांभाळतोय व्हय!"

साडूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात पेपरवाल्याने त्याला फोटोसाठी यंत्राशेजारी ओढलं. मी पायऱ्यांवर उभा होतो, हातात सरबताचा पेला. माझ्याकडे बघून कोणी म्हणालं असतं की या माणसाचा यंत्राशी काही संबंध आहे, तर मी त्याचे पाय धरले असते. कोणी म्हणालं नाही. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी त्या दिवशी सरबताबरोबर दहादा तरी गिळली.

निघताना तो मला सोडायला फाटकापर्यंत आला. मी चप्पल घालता घालता बोलून गेलो. "साडूभाऊ, पुढची चित्रं दुसऱ्या कोणाकडून काढून घेत जा. आणि तुमची ती कात्रणं मला पाठवू नका. मला वेळ नसतो वाचायला."

तो काहीतरी बोलायचा प्रयत्न करत उभा राहिला. मग "बरं" म्हणाला.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मी महापालिकेतून द्वारकेला परतलो, तर खालच्या दुकानदाराने काउंटरमागून पुठ्ठ्याची नळी काढून दिली. "तुमचे साडू येऊन गेले. अर्धा तास बसले इथे. म्हणाले, ही तेवढी बघायला सांगा."

दोन दिवसांपूर्वीच पेपरात यंत्राचा फोटो आला होता, आत काय असणार ते न उघडता दिसत होतं. नको म्हटलं तरी पाठवतो! तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर गेलो, स्टुलावर चढलो आणि ती नळी कपाटावर इतर नळ्यांच्या ढिगात मागे ढकलून दिली. टोकाचा चिकटपट्टीचा गोल तसाच राहिला. असं करताना मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

पुढच्या आठवड्यात तो मुंबईला जाऊन अर्ज देऊन आला. काही वर्षांनी पेटंट मिळालं. त्याच्या एकट्याच्या नावावर. सासऱ्यांनी पुरणपोळीचं जेवण घातलं आणि मी तूप वाढून घेत गेलो.

त्यानंतर मात्र साडू बदलला. एकही कात्रण आलं नाही. मी गेलो की उठून उभा राहायचा. माझं ताट आल्याशिवाय आपल्या ताटाला हात लावायचा नाही. नवीन काही केलं तर माझ्यासमोर त्याचा विषयसुद्धा काढायचा नाही. माझ्या बायकोच्या हे लक्षात आलं. "भाऊजी तुम्हाला किती मानतात हो अलीकडे," ती म्हणाली.

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"काही नाही."

मी तिला स्लॉटचं कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती बहिणीला बोलली असती, मग तो सगळ्यांसमोर म्हणाला असता, 'हो, तेवढं साडूभाऊंचं', आणि ते तेवढं होऊन बसलं असतं. मला तेवढं नको होतं. मला सही हवी होती. म्हणून मी गप्प राहिलो आणि आतल्या आत जळत राहिलो. विंचूरच्या बाजाराकडे गेलो की कुठे ते यंत्र चालू असेल तर गाडी उभी करायचो. लोक त्याला 'सेटिंगचं मशीन' म्हणायचे. कोणीतरी पाना घेऊन बोल्ट ढिला करत असायचं आणि मी दहा पावलांवर अनोळखी माणसासारखा उभा राहून आपलं भोक बघत असायचो. असं करून कोणाचं भलं होत नाही. पण ज्याला जळायची सवय लागते त्याला लाकडं शोधावी लागत नाहीत.

दोन हजारनंतर कॉम्प्युटर आले. आधी मोठ्या कारखान्यांत, मग लहानांत, मग घरांचे नकाशेही त्यावरच निघायला लागले. माझी रेघ कितीही चांगली असली तरी कॉम्प्युटरची रेघ चुकत नाही, ब्लेडने खरवडावी लागत नाही. मी शिकायचा प्रयत्न केला. माझा हात त्या माऊसवर असा बसायचा की जणू ओला साबण धरलाय. शेवटी द्वारकेची खोली सोडायची ठरवली. प्रिंटचं मशीन भंगारवाला घेऊन गेला. तोही डोळे पुसत गेला. मला जरा बरं वाटलं.

मग कपाटावरच्या नळ्या काढल्या. रिकाम्या फेकायच्या, भरलेल्या बघायच्या. एकीचा चिकटपट्टीचा गोल फुटलेला नव्हता. मला ती लगेच ओळखू आली, आणि इतक्या वर्षांनी आता वाचायला काय हरकत आहे, असं म्हणून मी खुर्ची ओढली.

आत कात्रण नव्हतं. पेटंटच्या अर्जाचे टाइप केलेले कागद होते. शोध लावणाऱ्यांच्या नावांच्या जागी दोन नावं होती. पहिलं माझं, वडिलांच्या नावासकट, पत्त्यासकट. दुसरं त्याचं. लग्नपत्रिकेत थोरल्याचं नाव वर घालतात, तसं त्याने माझं वर घातलं होतं. सोबत माझ्याच चित्राची प्रत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने मारलेल्या दोन फुल्या, एकाखाली एक. वरच्या फुलीपुढे लिहिलेलं, 'साडूभाऊ'.

चिठ्ठीही होती. 'सत्तावीस नंबर तुमचा आहे. त्याशिवाय हे यंत्र चाललं नसतं. मला तोंडाने सांगायला जमलं नाही, क्षमा असावी. सोमवारी मुंबईला जायचं आहे, त्याआधी सह्या करून खालच्या दुकानात ठेवाव्यात. तुमची इच्छा नसेल तर काही कळवू नका, मी समजून घेईन.'

मी ती चिठ्ठी तीन-चारदा वाचली. प्रत्येक वेळी 'काही कळवू नका' इथे येऊन थांबलो. मी काही कळवलं नव्हतं.

खोलीत बसायला फक्त ती खुर्ची उरली होती. खाली ट्रक नेहमीसारखे ओरडत होते. रागवायला कोणीच नव्हतं. ज्याच्यावर इतकी वर्षं रागावलो होतो त्याने माझं नाव आपल्या नावाच्या वर लिहिलं होतं, आणि ज्याने ते कपाटावर ढकललं होतं तो खुर्चीत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी मखमलाबादला गेलो. सगळं सांगायचं ठरवून. साडू मागच्या शेडमध्ये होता, डोक्याला दिवा बांधून काहीतरी डाग देत होता. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं. मेहुणी चहा ठेवून गेली.

"तो कागद," मी म्हणालो. "सह्यांचा. तुम्ही दुकानात ठेवला होता तो."

त्याने हातातली सोल्डरिंगची सळी खाली ठेवली. "मिळाला होता ना तुम्हाला?"

इथे मी म्हणायला हवं होतं, काल मिळाला. दोनच शब्द. पण ते म्हटलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. का उघडला नाही, काय वाटून कपाटावर ढकलला, तुमच्याबद्दल इतकी वर्षं मनात काय होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत असं काही होतं जे मी सासऱ्यांच्या, सासूबाईंच्या, त्या पेपरवाल्याच्या नजरेत आयुष्यभर शोधत आलो होतो. फक्त ते तिथे का आहे हे मला कळलं नव्हतं.

"मिळाला होता," मी म्हणालो.

"मला वाटलंच. मी विचारलं नाही. म्हटलं, तुम्ही ठरवून गप्प बसला असाल."

"एक भोक काढलं म्हणून कोणी संशोधक होत नाही, साडूभाऊ," माझ्या तोंडून निघालं. आवाजसुद्धा भारदस्त लागला. "यंत्र तुमचं. नाव तुमचंच शोभतं."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही अमोनियाशिवाय. मग तो बोलला. त्या माणसाला मी इतकं सलग बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "मी तुमच्या जागी असतो तर सही केली असती. धावत जाऊन केली असती. मला नावाची फार हाव, साडूभाऊ, म्हणून तर कात्रणं पाठवायचो. तुम्ही फाटकापाशी बोललात तेव्हा लाज वाटली. आणि नंतर तर तुम्ही सही न करून मला दाखवूनच दिलं. खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो."

मी चहा प्यायलो. गार झाला होता.

त्याने ते पोटात ठेवलं नाही. त्या दिवाळीत, सगळे पंगतीला बसलेले असताना, तो चक्क उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल, हातात चिठ्ठी नाही. स्लॉट कोणाचा, अर्ज कसा पाठवला, सही कोणी केली नाही, सगळं सांगितलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सासरे आता थकले होते. त्यांनी मला जवळ बोलावून पाठीवर हात ठेवला आणि शेजारच्या पाहुण्याला म्हणाले, "धाकल्याचं डोकं मोठं हाय. पण थोरल्यासारखं मन मी कुठं पाहिलं नाय."

माझ्या बायकोने मला दुसरी पुरणपोळी वाढली, न विचारता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिच्या चेहऱ्यावर असं काही बघत होतो की मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, विनय.

ते कागद मी घरी आणून ठेवले आहेत, माझ्या कपड्यांच्या कप्प्यात, अगदी खाली. कधी घरात कोणी नसलं की काढून बघतो. फुल्या पुसट झाल्यात, जागा कोरी आहे. हल्ली सासुरवाडीत नवीन माणूस आला की मला पुढे करतात आणि तो कागद समोर असून ज्याने सही केली नाही, नाव घेतलं नाही, त्या थोरल्या जावयाची गोष्ट सांगतात. मी शेजारी बसून ऐकतो. गोष्ट फार चांगली आहे. तो जावई मला कुठे भेटलेला नाही, पण पाट त्याला, ताट त्याला आणि आता कौतुकही त्यालाच, आणि साडूचा मी कधी केला नाही इतका हेवा मी त्याचा करतो.